हातोडी हलकी धर

शेवटची गाडी रिकामी झाली की उएनोचं हे भुयार माझं.
जाळीचं शटर उतरतं,
नोबुए दोन्ही फलाटांचा कचरा वेगवेगळा बांधते.
रोजच्या गाड्यांचा: भाताच्या गोळ्यांची वेष्टनं,
नीट घडी घातलेलं वर्तमानपत्र, एखादा हातमोजा.
विमानतळाच्या गाडीचा: फाडलेली लेबलं,
मानेखालच्या उशा,
कुठल्यातरी देशाची सुटी नाणी, जी आता कशालाच चालणार नाहीत.

रूळ इथे संपतात.
पुढे भिंत, भिंतीपलीकडे माती,
मातीवर बाग, बागेच्या कडेला तळं
आणि तळ्यात कमळं. त्यांना कल्पनाही नाही
की आपल्या मुळांहून खोल
कुणी सव्वीस वर्षं ओल शोधत फिरतंय.

काम साधं.
लांब दांड्याची हातोडी, कपाळाला दिवा, खिशात खडू.
कलिंगड वाजवून घेतात तशी मी भिंत वाजवतो.
टण्. ठीक.
टण्. ठीक.
ढब्. इथे थांबायचं.
आत पोकळी धरलीय, आज ना उद्या पोपडा सुटेल.
खडूनं गोल काढायचा, तारीख घालायची, पुढे जायचं.
भिंतींना कान असतात म्हणे.
असतील. मला तर त्या बोलतानाच भेटल्या.

हिरोबे म्हाताऱ्यानं शिकवलं हे.
"हलकी धर," म्हणायचा, "तू विचारतोयस, मारत नाहीयेस."
निवृत्त झाल्यावर तो घरच्याच भिंती ठोकत बसला.
बायकोनं हातोडी लपवली.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे, वरची कमळं नुसत्या काड्या झालेली,
मी जिन्याच्या तोंडाशी पोचलो
तर जाळीपलीकडे पुठ्ठ्यावर बाई बसलेली.
पन्नाशीची. पायात ऑफिसचे बूट.
शेजारी मोठी निळी बॅग, हँडलला कार्ड: साकुमा.
पहिली गाडी किती वाजता, मी सांगितलं. तिला ठाऊक होतं.
"रोज इथंच उतरते," म्हणाली,
"सोळा वर्षं. पण त्या पलीकडच्या फलाटावर
कधी पाऊल टाकायची वेळ आली नाही."

हातोडी कशाला, विचारलं तिनं. सांगितलं.
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
बोट वाकवून तिनं बॅगेवर टकटक केलं
आणि माझ्याकडे पाहिलं,
डॉक्टरकडे पाहतात तसं.

ढब्.

"न्यायचं काहीच नाहीये," म्हणाली. "आणायचंय."
भावाचं. लिस्बनला खोली होती त्याची.
घरमालकानं शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय.
"काय असेल, किती असेल, माहीत नाही हो.
म्हणून दुकानातली सगळ्यात मोठी घेतली."

खडू बोटांत आलाच होता.
खिशात परत सोडून दिला.

शटर वर गेलं. तिची गाडी लागली.
इथे गाडी वळत नाही, वळायला जागाच नाही;
कुणी एक बटण दाबतं
आणि डब्यातल्या साऱ्या रिकाम्या खुर्च्या
जागच्या जागी फिरून
आल्या वाटेकडे तोंड करतात.
साकुमाबाई काचेबाहेर उभी राहून ते बघत होती.
दार उघडल्यावरही, जरा वेळ.

वहीत लिहिलं: जिना, दुसरं वळण. ओल नाही. तडा एक, जुना.
आणि माझी गाडी धरली, प्रत्येक स्टेशनला थांबणारी.

हल्ली पाळी संपली तरी फलाटाच्या टोकाशी रेंगाळतो.
कुणाची वाट बघतोस, नोबुए विचारते.
कुणाची नाही गं. चाकं ऐकतो.
रिकाम्या बॅगेची चाकं फार बडबडी.
भरलेली जिन्यापाशी येते, गप्प होते,
आणि कुणीतरी वाकून
हँडल दोन्ही हातांनी धरतं.